पातूरची पाटी

उदारमतवादी लोकशाही असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या नावाखाली दोन निराळ्या मागण्या एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली मागणी अशी की राज्य बहुमताने चालावं. दुसरी अशी की माणसाची श्रद्धा, भाषा, मत, पाणवठ्यावरचा हक्क अशा काही गोष्टींना बहुमतानेसुद्धा हात लावू नये. या दोघी नेहमी एकत्र नांदतातच असं नाही. निवडणुका नेमाने होतात पण स्वातंत्र्य आक्रसत जातं, अशा राजवटी वाढत असल्याचं फरीद झकारिया यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं. हंगेरीचे व्हिक्टर ऑर्बान यांनी २०१४ मध्ये उदारमतवादी नसलेलं राज्य उभारण्याचा मनोदय जाहीर सभेत बोलून दाखवला आणि त्यानंतरही ते निवडणुका जिंकले. तेव्हापासून लोकशाहीच्या भवितव्याची जी चर्चा चालते, तिचा रोख बहुधा लोकांवरच असतो. लोक भडकतात, झुंडीने मत देतात, तेव्हा न्यायालयं, अधिकारी आणि तज्ज्ञ यांचे बांध भक्कम करा, असा तिचा सूर असतो. वऱ्हाडातला सव्वाशे वर्षांचा सार्वजनिक व्यवहार तपासला तर हे निदान मला अर्धवट वाटतं. बांध हवेतच. पण त्या बांधांपर्यंत जाऊन दाद मागणारा कोणीतरी जिवंत असावा लागतो, आणि आज धोका त्यालाच आहे.

या दोन मागण्यांची फारकत महाराष्ट्राला नवी नाही. गोपाळ गणेश आगरकर यांचं मॅट्रिकचं शिक्षण अकोल्यात झालं. पुढे 'सुधारक'मधून त्यांनी व्यक्तीच्या विवेकाची बाजू ज्या धारेने मांडली तशी मराठीत आधी कोणी मांडली नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पेटलेला वाद सर्वांना माहीत आहे. कोवळ्या मुलींचं रक्षण कायद्याने व्हावं, मग तो कायदा परक्या सरकारने का केलेला असेना, ही आगरकरांची भूमिका होती. आमच्या समाजात काय बदलायचं ते आम्ही ठरवू, परक्या सरकारने त्यात पडू नये, असं टिळक म्हणत होते. शाळेत हा वाद आधी सामाजिक की आधी राजकीय एवढ्यावरच संपवतात. मला त्यात आजच्याच प्रश्नाची पहिली मांडणी दिसते. आगरकरांचा उदारमतवाद लोकांना जबाबदार नसलेल्या सत्तेच्या आधारावर उभा होता. टिळकांच्या पक्षापाशी लोकांची संमती होती, पण त्या संमतीत ज्या मुलींविषयी कायदा होता त्यांना स्थान नव्हतं, आणि गावकुसाबाहेरच्यांनाही नव्हतं. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीला भरलं तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अध्यक्षस्थानी शंकरन नायर होते. त्याच वर्षी त्याच शहरात सामाजिक परिषदेपुढे न्यायमूर्ती रानडे पुनरुज्जीवन आणि सुधारणा या विषयावर बोलले. जुनं पुन्हा आणायचं म्हणता, तर नेमकं कोणतं जुनं, असा त्यांचा प्रश्न होता. तो बिनतोड होता. पण तो ऐकून एखादी विहीर खुली करील अशी संस्था त्या मांडवात नव्हती.

अशी संस्था अमरावतीत तीस वर्षांनी दिसली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी शहरातल्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. विषय अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाचा होता. परिषद चालू असतानाच आंबेडकरांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी कळली. देवीचा दरवाजा त्या वेळी उघडला नाही. पण पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, एडिंबरा आणि ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेले पापळचे पंजाबराव देशमुख, वऱ्हाडचे भाऊसाहेब, अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्या अधिकारात त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. यात आगरकर आणि टिळक यांच्यातली कोंडी फुटते. सुधारणा वरून, परक्या कायद्याने आलेली नाही. इथल्याच मतदारांनी निवडलेल्या संस्थेकडून आली. आणि त्या संस्थेने बहुसंख्यांच्या रूढीला मान दिला नाही, रूढीच्या विरुद्ध जाऊन हक्क दिला. मताचा अधिकार तेव्हा मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींनी फार थोड्यांपुरता होता, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्यासाठी विहिरी खुल्या झाल्या त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. तरीही दोन्ही मागण्या एका ठिकाणी पुऱ्या होऊ शकतात, याचा हा वऱ्हाडातला धडधडीत पुरावा आहे.

या दाखल्यावर समाधान मानून थांबावं असं वाटतं, पण त्याच भाऊसाहेबांचं दुसरं रूप त्यासोबत वाचायला हवं. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा चालू होती. पंजाबरावांना जन्मावर आधारलेलं नागरिकत्व फार स्वस्त वाटत होतं. विमानाने प्रवास करणारं परदेशी जोडपं मुंबईत काही तास उतरलं आणि तेवढ्यात बाईला मूल झालं, तर तेही भारताचं नागरिक होणार का, असा त्यांचा सवाल होता. इथवर हरकत नाही. पण त्यांची दुरुस्ती पुढे जात होती. हिंदू किंवा शीख असलेल्या आणि अन्य कुठल्याही देशाचं नागरिकत्व नसलेल्या प्रत्येकाला, तो जगात कुठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा, असं ती म्हणत होती. मुसलमानांना पाकिस्तान आहे, हिंदू-शिखांना दुसरा देश कोणता, असा त्यामागचा युक्तिवाद होता. विहिरीवर जात मोडणाऱ्या माणसाने सीमेवर धर्म विचारला. सभेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. पंजाबराव मात्र त्याच संविधानाखाली पुढे निवडून आले आणि १९५२ पासून दहा वर्षं नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री राहिले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने धर्म आणि नागरिकत्व यांचा संबंध पुन्हा चव्हाट्यावर आणला, तेव्हा १९४९ ची ती भाषणं पुन्हा वाचली गेली. त्यांतून पंजाबरावांना कुठल्याही एका गोटात ओढणं मला अन्यायाचं वाटतं. एकच माणूस, तोही थोर माणूस, एका जागी उदार आणि दुसऱ्या जागी संकुचित असू शकतो. म्हणून स्वातंत्र्य चांगल्या माणसांच्या भरवशावर सोडता येत नाही. ज्या ठिकाणी चांगला माणूससुद्धा मुद्द्यावर हरू शकतो, आणि हरूनही सन्मानाने पुढे काम करू शकतो, अशी ठिकाणं टिकवावी लागतात.

आता ताज्या प्रकरणाकडे येतो. अकोल्याहून वाशीमच्या वाटेवर पातूर लागतं. तिथल्या नगर परिषदेच्या इमारतीवर पाटी आहे; वर मराठीत परिषदेचं नाव, खाली तेच नाव उर्दूत. परिषदेच्या म्हणण्यानुसार १९५६ पासून उर्दूचा असा वापर होत आला आहे. एका माजी सदस्येने उर्दू काढून टाकण्याचा अर्ज केला. फेब्रुवारी २०२० मध्ये परिषदेने तो बहुमताने फेटाळला. डिसेंबर २०२० मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नगर परिषद कायद्यातला अधिकार वापरून परिषदेचा निर्णय बाजूला सारला आणि मराठीच्या शंभर टक्के वापराकडे बोट दाखवलं. परिषदेतले काही सदस्य अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे गेले, आणि एप्रिल २०२१ मध्ये आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. मधल्या काळात स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीचा २०२२ चा कायदा आला, त्यामुळे प्रकरण पुन्हा उघडलं. मराठी सक्तीची आहे, पण तिच्यासोबत दुसरी भाषा लिहायला कायद्याने मनाई केलेली नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती तिथे राहणाऱ्या लोकांची असते, हा त्या निकालाचा गाभा आहे. अचलपूर, बाळापूर, पातूर या गावांतून ज्यांनी उर्दू ऐकली आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

बहुतेक वाचकांना या हकिगतीत न्यायालय दिसेल, आणि निकाल आहेच तसा. मला मधली पायरी अधिक महत्त्वाची वाटते. प्रचलित सिद्धांताप्रमाणे अल्पसंख्यांच्या हक्कावर घाला निवडून आलेल्या सभेने घालायला हवा होता आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने तो अडवायला हवा होता. इथे उलट घडलं. सभेने पाटी राखली, अधिकाऱ्याने ती पुसायला सांगितलं. पुढे दुसऱ्या अधिकाऱ्यानेच चूक सुधारली हे खरं, तेव्हा सगळे अधिकारी वाईट असं इथे सिद्ध होत नाही. पण तो दुसरा अधिकारी आपण होऊन जागा झाला नव्हता. परिषदेचे सदस्य त्याच्या दारात गेले म्हणून तो आदेश तपासला गेला. डिसेंबर २०२० मध्ये परिषदेवर निवडून आलेले सदस्य नसते, त्यांच्या जागी शासनाने नेमलेला प्रशासक असता, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध त्याच उतरंडीतला तो माणूस अपील करायला गेला असता का? पाटी एका दिवसात रंगवून झाली असती आणि कायद्याच्या पुस्तकात एक अक्षरही बदललं नसतं.

यावर पहिला आक्षेप असा की पातूरमध्ये उर्दू जाणणारे मतदार पुष्कळ, म्हणून ठराव तसा झाला. हा संख्याबळाचाच खेळ, त्यात उदारमतवाद कुठला? आक्षेप रास्त आहे आणि त्याच्या मागे थोर परंपरा आहे. लहान जागी एकच गट सहज माजतो, मोठ्या प्रजासत्ताकात गट एकमेकांना अडवतात, असं जेम्स मॅडिसन याने १७८७ मध्ये मांडलं. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांच्या मागेही तोच अनुभव होता, शिवाय तो अंगावर सोसलेला होता. महाडची नोंद त्यांच्या बाजूने साक्ष देते. तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं अस्पृश्यांना खुलं केलं, आणि मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर, ऑगस्टमध्ये, तोच ठराव मागे घेतला. शेवटचा निवाडा १९३७ मध्ये उच्च न्यायालयातून आला. तेव्हा गावचं बहुमत म्हणजे आपोआप न्याय, असं म्हणण्याचा भाबडेपणा मला करायचा नाही. पण महाड आणि पातूर शेजारी ठेवले तर निराळंच काही ध्यानात येतं. महाराष्ट्राच्या पातळीवर विखुरलेला, कोणाच्या हिशेबात न धरलेला समूह पातूरमध्ये मोजला जातो. महाडमध्ये गाडला गेलेला समूह मुंबईच्या न्यायालयात ऐकला जातो. हक्क टिकतो तो या पातळ्या एकमेकींना ओढून धरतात तेव्हा. एकीच्या चुकीची दाद दुसरीकडे मागता येते, आणि दाद मागायला माणूस उरलेला असतो. अकोला जिल्हा परिषदेत बौद्ध, माळी, धनगर, बंजारा, मुसलमान अशा समाजांची मोट बांधून सत्ता मिळवण्याचा जो प्रयोग भारिप-बहुजन महासंघाने केला, त्याला लोक 'अकोला पॅटर्न' म्हणतात. त्या पक्षाविषयी मत काहीही असो, विधानसभेच्या मोठ्या आखाड्यात ज्यांना तिकीटसुद्धा मिळालं नसतं अशी माणसं जिल्ह्याच्या सभागृहात निर्णय घ्यायला बसली. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आणून आंबेडकरांच्या आक्षेपाला निदान एक उत्तर देऊ केलं. आरक्षित जागेवरच्या बाईऐवजी तिचा नवरा कारभार हाकतो, ही गोष्ट कोण नाकारील? पण सही तिचीच लागते, आणि ज्या दिवशी ती सही करायची नाही असं ठरवते त्या दिवशी नवऱ्याचा कारभार अडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो, कारण तो पुस्तकातला नाही, चौकाचौकात ऐकू येतो. नगरसेवक काय करतात? टक्केवारी घेतात. त्यापेक्षा एखादा खमका आयुक्त बरा, निदान कामं तरी होतील. हा विचार माणसाच्या कंटाळ्यातून येतो आणि त्या कंटाळ्याला कारणं आहेत. पण चांगला कारभार आणि शून्य जबाबदारी यांचा प्रयोग वऱ्हाडाइतका दीर्घ काळ फार थोड्या प्रदेशांवर झाला असेल. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मालकी हैदराबादची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला. या दोन्ही सौद्यांत वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारलं नाही. कारभार मात्र त्या काळाच्या मापाने उत्तम होता. जमिनीची मोजणी झाली, रेल्वे आली, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंतच्या लोहमार्गाचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. १८९१ ला सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ ला साडेसत्तावीस लाखांवर आली. रूळ होते, तारायंत्र होतं, बाजार होता, चोख दप्तर होतं. मरणाऱ्याचा जाब सरकारला द्यावा लागेल अशी एकही जागा नव्हती. वृत्तपत्रं मोकळी आहेत आणि सरकार मतांवर उभं आहे अशा देशात मोठा दुष्काळबळी पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचं म्हणणं वऱ्हाडच्या इतिहासाने उलट बाजूने पटतं.

इथे कोणीही वऱ्हाडी माणूस मला अडवील, आणि अडवावंच. दुष्काळबळी थांबले असतील. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं काय? त्या लोकशाहीतच झाल्या, होत आहेत. एक लाखाच्या मदतीसाठी प्रत्येक मरणाची छाननी होते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, असे प्रश्न विचारून फाइलवर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. ज्या घरातलं मरण अपात्र ठरलं त्या घराला उदारमतवादी लोकशाहीचं महत्त्व सांगायला मी जाणार नाही. सेन यांच्या सिद्धांताची मर्यादा इथे उघडी पडते. एका हंगामात हजारो माणसं मेली की सरकार हलतं; एकेक करून वर्षानुवर्षं मेली की त्याची आकडेवारी होते. पण यातून मतपेटी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. बातम्या छापून आल्या, आरडाओरड झाली, म्हणूनच जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे वरपर्यंत ऐकू गेलं. चुकलं ते उपाय ठरवताना. जिथे माणसाला प्यायला पाणी आणि गुरांना चारा नाही अशा कोरडवाहू कापूसवाल्याच्या दावणीला महागड्या दुभत्या गाई बांधण्याची पॅकेजमधली कल्पना कुठल्याही पंचायत समितीच्या बैठकीत पाच मिनिटं टिकली नसती. ती कल्पना तिथे विचारली गेली नाही. लोकशाही कमी पडली, ती या अर्थाने.

म्हणून २०२२ नंतर जे घडलं ते मला ऑर्बानच्या भाषणापेक्षा अधिक काळजीचं वाटतं. अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं संविधानाचं २४३-यू कलम सांगतं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, आणि महाराष्ट्रभर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. या काळात कोणी हुकूमशहा आला नाही, त्यासाठी कोणाला अटक करावी लागली नाही, शहरंही बंद पडली नाहीत. अंदाजपत्रक एका अधिकाऱ्याने मांडलं आणि मंजूरही त्याच खुर्चीवरून झालं. आमसभेत उठून नालीचा, करवाढीचा, पाटीचा प्रश्न विचारणारा, मतदानात हरणारा आणि तरी पुढच्या सभेला येऊन बसणारा माणूस तेवढा नव्हता. लोकांनी फारशी तक्रार केली नाही, हे सर्वांत वाईट. या पडझडीला कोणत्याही एका पक्षाला जबाबदार धरता येत नाही, कारण मधल्या काळात सरकारं बदलली आणि प्रशासक तसेच राहिले.

फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीच्या मतदारयादीसाठी ज्या अमरावतीकर किंवा अकोलेकर मुलामुलींची अठरा वर्षं पुरी झालेली नव्हती, म्हणजे जे १ जानेवारी १९९९ नंतर जन्मले, त्यांनी आपला पहिला नगरसेवक निवडला तो जानेवारी २०२६ मध्ये. त्यांतले सर्वांत थोरले तेव्हा सत्तावीस वर्षांचे झाले होते. तोवर त्यांनी लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा मत दिलेलं असू शकतं. लोकशाही म्हणून त्यांनी पाहिली ती मोठ्या सभांची, लाटांची, विजयाच्या गुलालाची. ज्याला गल्लीतून हाक मारता येते, ज्याचं म्हणणं सभागृहात पडतं आणि जो दुसऱ्या दिवशी आयुक्तांकडे अपील घेऊन जातो, असा प्रतिनिधी मतदार म्हणून त्यांच्या वाट्याला आता कुठे आला आहे. त्याच्याकडून काय मागायचं, हे त्यांना अजून ठरवायचं आहे.